मदत हवी आहे: 'आयएनएस दिल्ली'च्या पावणेदोन मीटर मॉडेलला पीळ पडलाय

कोपरीकर

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, जहाजही लांबलचक आहे. सांभाळून घ्या.

बाबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात बॉयलर शॉपला होते. १९६३ ते १९९६, कोपरीहून सकाळची लोकल आणि पुढे लायन गेट. 'आयएनएस दिल्ली' ही जुनी युद्धनौका त्यांची लाडकी. १९७८ साली ती निवृत्त होऊन भंगारात गेली तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते, असं आई सांगायची. (बाबा म्हणतात, पोट बिघडलं होतं.)

मी मागच्या वर्षी नोकरी सोडली आणि तिचं मॉडेल करायला घेतलं. प्रमाण १:९६. मूळ जहाज १६९ मीटर, म्हणजे मॉडेल १७६ सेंटिमीटर लांब आणि पावणेअठरा सेंटिमीटर रुंद. 'दिल्ली' म्हणून वेगळा आराखडा हाती लागला नाही. म्हणून न्यूझीलंडच्या 'अकिलीस'चा १९३९ सालचा घेतला. जहाज तेच. दक्षिण अमेरिकेत प्लेट नदीच्या मुखाशी जर्मन युद्धनौका 'ग्राफ श्पे'शी लढलेलं, १९४८ मध्ये आपल्याकडे आलेलं.

६ मिमी मरीन प्लायचा कणा, २१ आडव्या फ्रेमा, त्यावर पाइनच्या पट्ट्या. उजवी बाजू मे महिन्यात पुरी केली, डावी जूनमध्ये. मग बाहेरून फायबर लावायला वागळे इस्टेटमधल्या एका कारागिराकडे दिलं. देवळांचे कळस करतो, हात चांगला आहे.

आता अडचणी. टेबलावर ठेवून ओळंबा सोडला तर नाक डावीकडे ११ मिमी झुकलेलं दिसतं. शिवाय फायबर तीन आठवडे झाले तरी चिकट आहे. वर झाकलेलं वर्तमानपत्र चिकटलं, आता जहाजाच्या पोटावर मिथुन आणि कर्क रास उलटी वाचता येते.

बाबांची अट एकच, जहाज पाण्यात तरंगलं पाहिजे, नाहीतर तो शोपीस. मला तलावपाळीला न्यायचंय. पण वजन किती ठेवायचं? एवढं अरुंद भांडं उलटणार तर नाही ना?

आणि शेवटचं, जरा नाजूक. आराखड्याप्रमाणे मी सहा इंची तोफांचे चार टरेट (तोफा बसवलेले फिरते मनोरे) केले, पुढे दोन, मागे दोन. बाबा बघून म्हणाले, "मागे एकच होतं. मी त्याच्या सावलीत डबा खाल्लाय." ते आता ८२ वर्षांचे आहेत, हल्ली नावं विसरतात. वाद घातला नाही. पण टरेट काढूनही टाकवत नाही, एकेका टरेटला आठ-आठ दिवस गेलेत.

जाणकारांनी सांगावं.

रंधामास्तर

एक बाजू पुरी करून मग दुसरी? इथेच पीळ बसला. पट्टी उजवीकडे एक, डावीकडे एक अशीच चढवत जायची. गोंद आवळतो, लाकूड ओढतं, समोरून ओढणारं कोणी नसेल तर कणा वळणारच. त्यात तुम्ही मध्ये पावसाळा घातलात.

आतून फायबर लावलंय का? नसेल तर आशा आहे. सरळ जाड फळी घ्या (जुन्या दाराची चालेल, आधी सुतळी ताणून तपासा), जहाज त्यावर उलटं ठेवून क्लॅम्पने ओळंब्यात आणा. सरळ नव्हे, तीन-चार मिमी उलट्या बाजूला. सोडल्यावर ते थोडं परत येतंच. तसंच आवळलेलं असताना आतून फायबरचे दोन थर द्या आणि आठवडाभर हात लावू नका. तसे हात शिवशिवतात, मला माहीत आहे.

गलबत्या

चिकटपणाचं सांगतो. पॉलिएस्टर रेझिन असेल तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा नीट वाळत नाही. ॲसिटोनने पुसा, १२० च्या पॉलिश पेपरने घासा आणि वॅक्स घातलेल्या रेझिनचा शेवटचा हात मारा. वॅक्स वर येऊन हवा अडवतं. कारागिराची अगदीच चूक नाही. कळसाला वरून रंग लागतो, तिथे हे खपून जातं.

आतून स्वतः लावणार असाल तर एक गोष्ट मनात पक्की करा. कोबाल्ट (रेझिन लवकर वाळवणारं रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घोटायचं, मग हार्डनर. आणि गॅलरीत काम करा, घरात नाही.

कोपरीकर

आतून काहीच लावलेलं नाही! जुनं दारही आहे, बायको दोन वर्षं ते काढा म्हणत होती. आता काढणार नाही. वजनाचं कोणी सांगेल का?

वाशीपूल

लांबी ९६ पट कमी, तर वजन ९६ चा घन, म्हणजे सुमारे ८ लाख ८५ हजार पट कमी. पूर्ण भारासह मूळ जहाज साडेनऊ हजार टनांच्या घरात होतं. मॉडेल साधारण अकरा किलोला आपल्या पाणरेषेवर बसेल. तलावाचं पाणी गोडं, समुद्राच्या पाण्याहून अडीच टक्के हलकं, म्हणून पाव किलो कमीच ठेवा.

जहाज उलटतं ते वजन वर असलं म्हणून. वरचं सगळं पातळ प्लास्टिक शीट आणि बाल्सात करा. खाली यूपीएसची १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी आडवी झोपवा. दोन किलोच्या वर भरते आणि मोटारीलाही कामी येते. उरलेलं शिसं टायरवाल्याकडून आणा, चाकं बॅलन्स करायच्या वजनांचं.

तलावपाळीला एकदम नेऊ नका. पार्किंगमध्ये विटांचा चौकोन, त्यात ताडपत्री, वीतभर पाणी. दोन बोटांनी कड दाबून सोडायचं. झटकन उठलं तर ठीक. जांभई दिल्यासारखं सावकाश उठलं तर अजून शिसं खाली हवं.

गलबत्या

टरेटचं राहिलं. तुमचे बाबा बरोबर आहेत हो!

५ जानेवारी १९४३ ला सॉलोमन बेटांजवळ जपानी विमानाचा बॉम्ब 'अकिलीस'च्या एक्स टरेटवर पडला. एक्स म्हणजे मागच्या दोघांतलं वरचं. नंतर इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला दुरुस्ती झाली तेव्हा ते टरेट काढूनच टाकलं आणि त्या जागी लहान विमानविरोधी तोफा बसवल्या. आपल्याकडे आली ती तीन टरेटची. तुमचा आराखडा १९३९ चा, त्यात चार असणारच.

बाबा ज्याच्या सावलीत जेवले ते वाय टरेट, म्हणजे मागच्या दोघांतलं खालचं. 'दिल्ली' भंगारात निघाली तेव्हा ते न्यूझीलंडला भेट दिलं गेलं. आजही ऑकलंडला डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या प्रवेशद्वारापाशी उभं आहे. फोटो सहज मिळतात.

रंधामास्तर

काय सांगता! आणि आपण जुनी विमानवाहू 'विक्रांत' मुंबईच्या दारूखान्यात, भंगारवाल्यांकडे तोडली.

वाशीपूल

तोडली, खरंय. पण पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात उभं ठेवून जपणं हा पांढरा हत्ती आहे. पाणरेषेशी पत्रा गंजत राहतो, ठरावीक वर्षांनी गोदीत घ्यावंच लागतं. अमेरिकेत जुनी युद्धनौका 'टेक्सास' २०२२ मध्ये त्यासाठीच ओढून नेली. जपानची 'मिकासा' काँक्रीटमध्ये बसवलेली, म्हणून टिकली. विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी किनाऱ्यावर आहे, म्हणून आत जाऊन बघता येते. अख्खं जहाज नसेल परवडत, तर निदान एक टरेट ठेवायला काय हरकत होती?

कोपरीकर

सर्वांचे आभार. जहाज दारावर उलटं आवळून ठेवलंय, कालपासून सहावा क्लॅम्प शोधतोय.

बाबांना ऑकलंडचा फोटो दाखवला. चष्मा लावून मोबाईल जवळ नेला, लांब नेला, परत जवळ. मग म्हणाले, "रंग चांगला ठेवलाय." पाच मिनिटांनी आतल्या खोलीतून आवाज आला, "ते मागचं काढलंस का?"

काढलं. पण ते इपॉक्सीने चिकटवलं होतं, निघताना डेकचा बांगडीएवढा तुकडा घेऊन निघालं. तिथे नवीन प्लाय बसवू की पुट्टीने बुजवू? वर लहान तोफा येणारच आहेत.