नर्सरीची फी आणि शॅडो टीचरचा खर्च : स्वमग्न मुलासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, निदान झाले. आम्ही डोंबिवलीत राहतो आणि जूनपासून तो घराजवळच्या एका खासगी शाळेच्या नर्सरीत जातो. प्रवेश घेतानाच आम्ही निदानाचा अहवाल शाळेला दिला होता आणि त्या वेळी शाळेने कोणतीही हरकत घेतली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र मुख्याध्यापिकांनी आम्हाला बोलावून सांगितले की, पूर्ण वेळ त्याच्यासोबत राहणारी शॅडो टीचर आम्ही स्वतः नेमावी व तिचे वेतनही आम्हीच द्यावे. तशी सोय होईपर्यंत त्याला तीन तासांऐवजी दीड तासच वर्गात बसवले जाईल. फी मात्र पूर्ण भरायची आहे.

नर्सरीची वार्षिक फी ७२,००० रुपये आहे. आमच्या भागात शॅडो टीचर महिना १५,००० रुपयांच्या खाली मिळत नाही, म्हणजे शाळेच्या दहा महिन्यांचे दीड लाख रुपये होतात आणि ही रक्कम फीच्या दुपटीहून अधिक आहे. शिवाय आठवड्यातून दोनदा ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार) व दोनदा स्पीच थेरपी चालू असून प्रत्येक वेळचे ८०० रुपये द्यावे लागतात. निदानानंतर माझी नोकरी सुटली, त्यामुळे घर यजमानांच्या एकट्याच्या पगारावर चालते.

मुलाची अडचण नेमकी काय आहे, तेही सांगते, कारण त्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे. तो अजून बोलत नाही. तहान लागली की बाईंचा हात धरून त्यांना बाटलीपाशी नेतो. प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपक सुरू झाला की दोन्ही कानांवर हात ठेवून दाराकडे धावतो. तो कोणाला मारत नाही, चावत नाही. सुरुवातीला तो दप्तर कुठेही टाकून देत असे. वर्गाच्या बाईंनी आपणहून एका खुंटीवर त्याचा फोटो चिकटवला आणि काही दिवसांतच तो आल्याबरोबर दप्तर त्या फोटोखाली अडकवू लागला. त्या फोटोला एक रुपयाही खर्च आला नाही. त्यामुळे माझे प्रामाणिक मत असे आहे की, त्याला दिवसभर चिकटून बसणाऱ्या माणसापेक्षा चित्रांची कार्डे, प्रार्थनेच्या वेळी थोडी शांत जागा आणि बाईंना थोडे मार्गदर्शन यांचा उपयोग अधिक होईल. हे मी शाळेला सांगितले, परंतु ‘आमचे धोरण तसे नाही’ यापलीकडे उत्तर मिळालेले नाही, आणि तेही लेखी दिलेले नाही.

कायदा वाचायला बसले तेव्हा अधिकच हतबल झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण तो वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत. शिक्षण हक्क कायदाही मुळात ६ ते १४ वयोगटाचा आहे. डॉक्टर मात्र पहिल्या भेटीपासून सांगत आले आहेत की सहा वर्षांच्या आतली हीच वर्षे सर्वांत मोलाची आहेत. ज्या वयात मदतीचा उपयोग सर्वाधिक, त्याच वयात सगळा भार आईवडिलांवर टाकला जावा, हे मला पटत नाही.

मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र ५० टक्क्यांचे असून वय लहान असल्यामुळे ते तात्पुरत्या स्वरूपाचे आहे. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर शिक्षण हक्क कायद्यातील खासगी शाळांच्या २५ टक्के राखीव जागांमधून नर्सरीलाच प्रवेश मिळू शकतो का, शॅडो टीचरचा खर्च शाळेकडे मागताना कोणत्या तरतुदीचा आधार घ्यावा, आणि थेरपीचा खर्च हलका करण्याचा काही मार्ग आहे का, हे ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘शाळा बदला’ हा सल्ला आम्हाला मिळालेला आहे, पण मूल त्या वर्गात नुकते कुठे रुळले आहे, त्यामुळे तो शेवटचा पर्याय ठेवायचा आहे.

प्रतिसाद :

ताई, मी ठाण्यात राहते आणि माझी मुलगी आता दुसरीत आहे. तिलाही ऑटिझम आहे, म्हणून जे माहीत आहे ते लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे, शिक्षण हक्क कायदा आपण समजता तितका सहा वर्षांवर अडलेला नाही. कलम १२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, शाळा पूर्वप्राथमिक वर्ग चालवत असेल तर २५ टक्क्यांची तरतूद त्या वर्गांच्या प्रवेशालाही लागू होते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले या जागांसाठी पात्र असलेल्या वंचित गटात आली आणि महाराष्ट्रात या मुलांना उत्पन्नाची अट नाही. मात्र प्रवेश सोडतीने होतो आणि प्रत्येक शाळेचा प्रवेशाचा वर्ग वेगळा असतो, त्यामुळे अर्ज भरताना नर्सरी दाखवणाऱ्या शाळा शोधाव्या लागतात. प्रमाणपत्राची मुदत अर्ज पडताळणीच्या काळात संपत नाही ना, ते आत्ताच पाहून ठेवा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची जागा केवळ तेवढ्यावरून अडली होती.

शॅडो टीचरसाठी २०१६ च्या कायद्यातील कलम १६ वाचा. शासनमान्य शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात, असे त्यात आहे, आणि त्याला सहा वर्षांची अट नाही. थेरपिस्टकडून एक पानाचे पत्र घ्या, ज्यात कार्डे, शांत जागा, बसण्याची जागा अशा सोयी नेमकेपणाने लिहिलेल्या असतील, आणि ते शाळेला देऊन पोच घ्या. आपण लिहिलेला फोटोचा प्रसंगही त्यात घालायला सांगा, कारण ही पद्धत याच शाळेत उपयोगी पडल्याचा तो पुरावा आहे. वेळ कमी करण्याचा निर्णय लेखी मागा. उत्तर आले नाही तर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण आमच्या बाबतीत लेखी पत्र गेल्यावरच शाळा बोलायला तयार झाली आणि तक्रारीची वेळ आली नाही.

थेरपीसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम तिच्यात येतो, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते आणि थेरपीचा खर्चही मागता येतो. बिले व्यवस्थित ठेवावी लागतात आणि नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतील अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मोफत सेवा मिळते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही लहान मुलांसाठी केंद्र आहे, फक्त डोंबिवलीहून लोकलने मुलाला घेऊन जाणे कितपत जमेल ते पाहा. यजमान जुन्या करप्रणालीत असतील तर आयकरात कलम ८०डीडी नावाने ओळखली जाणारी ७५,००० रुपयांची वजावट प्रत्यक्ष खर्च कितीही असला तरी पूर्ण मिळते. ऑटिझमसाठी त्याचे प्रमाणपत्र आयकर विभागाच्या ठरावीक फॉर्ममध्ये घ्यावे लागते.

मूळ प्रश्नकर्ती :

ताई, मनापासून आभार. कलम १२ मधील ही तरतूद मला ठाऊक नव्हती. प्रमाणपत्राची मुदत काढून पाहिली. ती पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये संपते, त्यामुळे नूतनीकरणाचा अर्ज लगेच करते आणि थेरपिस्टकडून पत्रही घेते. शाळेला द्यायच्या अशा पत्राचा नमुना कोणाकडे असेल, तर मुलाचे नाव झाकून कृपया येथे द्यावा. तसेच डोंबिवली किंवा कल्याण परिसरात आठवड्यातून एखादाच दिवस शाळेत येऊन वर्गाच्या बाईंना मार्गदर्शन करतील असे विशेष शिक्षक असतात का आणि त्यांचे मानधन साधारण किती असते, हेही कळले तर शाळेपुढे पूर्ण वेळ शॅडो टीचरऐवजी तो पर्याय ठेवता येईल.