कोकणातील पूर्वप्रयोग: वादकांची साथ, अंधार आणि नाटकाचा शेवट

प्रेषक: नाट्यशाखा संयोजिका (मुक्काम मालवण)
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

आपल्या भयविनोदी संगीत नाटकाचे इंग्लंडमधील मोठ्या नाट्यगृहातील प्रयोग पुढील उन्हाळ्यात आहेत आणि त्याआधी या हिवाळ्यात मालवण परिसरात पूर्वप्रयोग करावेत, यास कार्यकारिणीने मान्यता दिली आहे. मात्र काही पत्रांतून या प्रयोगांचा उल्लेख 'रंगीत तालीम' असा होऊ लागला आहे, तो मला मान्य नाही. रंगीत तालमीत नाटक ठरलेले असते आणि फक्त कपडेपट, प्रकाश व प्रवेशांचा मेळ पाहायचा असतो. आपले नाटक अजून ठरलेले नाही, आणि ते येथील प्रेक्षकांसमोरच ठरावे, असे माझे म्हणणे आहे.

कथानक आपणांस ठाऊक आहेच. परदेशी स्थायिक झालेले कुटुंब वडिलोपार्जित घर विकण्यासाठी गावी येते, सातबारा काढते, आणि वारसनोंद कधीच न झाल्यामुळे पणजोबांपासून आतेआजीपर्यंत साऱ्या मृतांची नावे त्यावर तशीच राहिलेली निघतात. कागदोपत्री मालक असलेली ही भुते सहीशिवाय ताबा सोडायला तयार होत नाहीत. इंग्लंडमध्ये आपल्या मंडळात झालेल्या वाचनात हा विनोद तरुण सभासदांना समजावून सांगावा लागला होता. येथे एका शाळेच्या पडवीत पहिला अंक वाचला, तेव्हा 'सातबाऱ्यार नाव आसा, मगे आमी मेलेले कशे?' या ओळीला इतका हशा झाला की पुढील चार वाक्ये कोणालाच ऐकू गेली नाहीत. आणि विहिरीतल्या गिऱ्ह्याची पहिली चाहूल नेमकी त्याच चार वाक्यांत पेरलेली होती. परिणामी पुढच्या प्रवेशात गिऱ्हा आला, तेव्हा प्रेक्षक दचकले नाहीत, 'हा कोण?' असे एकमेकांना विचारू लागले. हशा कोठे येतो आणि किती वेळ टिकतो हे कळल्याखेरीज भीती कोठे ठेवायची, हे ठरवता येणार नाही.

याहून अवघड प्रश्न पदांचा आहे. संगीत नाटकात पद संपले की टाळ्या पडतात, आणि रंगले तर 'वन्स मोअर'ही मिळतो. गायक नटाला ते हवेच असते. परंतु टाळी वाजवणारा माणूस त्या क्षणी निर्भय होतो. हडळीचे पद आणि त्यानंतरचा अंधार यांच्यामध्ये टाळ्या आल्या, तर त्या अंधारात कितीही किंकाळ्या फोडल्या तरी उपयोग होत नाही. म्हणून ते पद समेवर न आणता अलीकडेच तोडावे, असे आम्ही ठरवले आहे. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहतात, आणि त्या अवघडलेल्या क्षणी दिवे जातात. हा तोडा किती अलीकडे घ्यायचा हे मात्र प्रत्येक प्रेक्षकवर्गाप्रमाणे बदलते, आणि ते पाहून वाजवणारा वादक समोर बसलेला असावा लागतो.

असा वादक आपल्याला मिळाला आहे. दशावतारात वर्षानुवर्षे पखवाज वाजवणारे एक गृहस्थ दुपारच्या तालमींना येतात. रात्री त्यांना जत्रांचे प्रयोग असतात. दशावतारातील संवाद लिहिलेले नसतात, नट ते जागेवर रचतो, त्यामुळे वादकाची नजर सतत नटाच्या पावलांवर असते. आमचा नट घाबरून एक पाऊल जास्त मागे सरकला, तर त्या जादा पावलालाही पखवाजाची थाप मिळते. ही साथ लिहून काढता येत नाही आणि ध्वनिमुद्रितही करता येत नाही. सबब माझी विनंती आहे की, पूर्वप्रयोग पार पडेपर्यंत नाटकाचे संगीत ध्वनिमुद्रित करू नये.

आपली,
संयोजिका, नाट्यशाखा

---

प्रेषक: तंत्रविभाग
प्रति: सर्व सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आवडले, परंतु त्यातील विनंतीस माझा विरोध आहे, आणि त्याची कारणे पैशाची नसून कामाची आहेत. इंग्लंडमधील नाट्यगृह आपल्या ताब्यात प्रयोगाच्या दिवशी सकाळी येते. तेवढ्या वेळात नेपथ्य उभारणे, दिवे लावणे, ध्वनी तपासणे आणि एक तांत्रिक तालीम, एवढे सारे बसवायचे असते. संगीत ध्वनिमुद्रित असेल तर प्रकाशाचे सर्व बदल त्याला जोडून आधीच घरी बसवून ठेवता येतात. हडळीचे पद रोज वेगळ्या ठिकाणी तुटणार असेल, तर दिवे घालवणाऱ्या माणसाने कशाच्या आधारावर बटण दाबायचे?

दुसरे असे की, आपण पाठवलेल्या छायाचित्रांत घराची पडवी वाळलेल्या झावळ्यांनी शाकारलेली दिसते. दिसायला ती सुरेखच आहे, परंतु येथील नाट्यगृहे रंगमंचावरचे कापड आणि इतर ज्वलनशील साहित्य अग्निरोधक असल्याचा दाखला मागतात. मशालीवर राळ उडवून भडका करण्याचा विचार तर पूर्णपणे सोडून द्यावा. धुराच्या यंत्राबाबतही नाट्यगृहाशी आधीच बोलावे लागेल, कारण काही ठिकाणी त्याने आगीचा इशारा देणारी घंटा वाजते आणि सगळे प्रेक्षागृह रिकामे करावे लागते. म्हणून माझा आग्रह आहे की, जे येथे चालणार नाही ते तेथेही वापरू नये. अन्यथा आपण एका नाटकाची परीक्षा घेऊ आणि दुसरेच नाटक रंगमंचावर आणू.

रक्ताविषयी एक सूचना. साखरेच्या घट्ट पाकात खाण्याचा लाल रंग आणि किंचित कोको घातला की दिव्याखाली रंग चांगला दिसतो, परंतु कोकणातल्या उघड्या रंगमंचावर या पाकाला मुंग्या लागतील, याचा विचार व्हावा.

तंत्रविभाग

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद (मूळ गाव वेंगुर्ले तालुका)
प्रति: सर्व सभासद

स.न.वि.वि.

संयोजिकाबाईंनी संहिता पाठवली, ती वाचली. हसू आले, हे आधी सांगतो. तरीही दोन-तीन गोष्टी लिहिल्यावाचून राहवत नाही.

दुसऱ्या अंकात रात्री दारात भल्यामोठ्या चपला दिसतात आणि नायक घाबरून त्या विहिरीत फेकतो, असा प्रसंग आहे. आरवलीच्या श्री देव वेतोबाला भाविक मोठ्या चपला अर्पण करतात, आणि देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी तेथील श्रद्धा आहे. आमच्या बाजूच्या प्रेक्षकाला त्या चपला दिसताच वेतोबाच आठवणार. हडळ, मुंजा, झोटिंग यांची तुम्ही खुशाल थट्टा करा. दशावतारातला संकासुर शेकडो प्रेक्षकांसमोर मालवणीत देवांची फिरकी घेतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. पण संकासुर हा असुर आहे आणि शेवटी त्याचे पारिपत्य होते. राखणदाराचे तसे नाही. तो प्रसंग काढावा, किंवा त्या चपलांना नायकाऐवजी भुतांनी घाबरावे. हे दुसरे मला जास्त गमतीचे वाटते, कारण त्यामुळे भुतांचे सगळे शौर्य एका क्षणात उतरेल.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली आहे काय? महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी त्यांचे प्रमाणपत्र लागते, आणि परदेशस्थ मंडळांच्या ध्यानात हे बहुधा राहत नाही. शिवाय उघड्या जागेवर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा नियम 2000 सालापासून आहे. बंदिस्त सभागृहाला त्यातून सूट आहे. जेवणे आटोपून नाटकाला येण्याची गावाची सवय लक्षात घेता, उघड्यावरचा प्रयोग लवकर सुरू होणार असल्याची दवंडी आधीपासून पिटावी लागेल.

आपला,
काका

---

प्रेषक: बालविभाग
प्रति: सर्व सभासद

नमस्कार. माझा प्रश्न एवढाच आहे की, शेवटी आजीला विहिरीत जावेच लागते का? आमच्या विभागातील मुले नाटकाला येणार आहेत, आणि आजी हे त्यातील सर्वांत लाडके पात्र आहे. ती वाचावी, अशी अनेक पालकांची इच्छा आहे.

---

प्रेषक: नाट्यशाखा संयोजिका (मुक्काम मालवण)
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

सर्वांच्या पत्रांना एकत्रित उत्तर देत आहे.

काका, चपलांविषयीची आपली सूचना तशीच्या तशी स्वीकारली आहे. आता चपला पाहून तिन्ही भुते माळ्यावर चढून बसतात आणि नायकालाच 'तू जाऊन बघून ये' असे विनवतात. वेतोबाचे नाव नाटकात कोठेही उच्चारले जात नाही, चपलांना कोणी हात लावत नाही, आणि प्रसंग संपताना नायक त्यांना नमस्कार करून बाजूने जातो. यानंतर भुते गाऱ्हाणे घालतात, म्हणजे कोकणातल्या रिवाजाप्रमाणे देवाला साकडे घालतात; 'बा देवा म्हाराजा' अशी सुरुवात मुंजा करतो आणि येथे तालमीला बसलेली मंडळी कोणी न सांगता 'होय म्हाराजा' म्हणून साथ देऊ लागली. ती जागा इंग्लंडमध्येही प्रेक्षकांवर सोडावी, असा विचार आहे. प्रतिसाद आला नाही, तर माळ्यावरच्या इतर भुतांनी तो द्यावा. प्रमाणपत्रासाठी संहिता पाठवण्याचे चपलांच्या बदलासाठी थांबवले होते. सुधारित प्रत आता जाईल.

तंत्रविभागाच्या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून पुढील तोडगा सुचवते. एकूण पदांपैकी ज्यांच्या शेवटी भीतीचा प्रसंग नाही, ती सर्व पदे पूर्वप्रयोगांनंतर ध्वनिमुद्रित करावीत आणि प्रकाश त्यांना जोडावा. हडळीचे पद आणि गिऱ्ह्याचा प्रवेश या दोन जागा मात्र जिवंत साथीवर ठेवाव्यात, आणि त्या वेळी दिवे घालवणाऱ्याने पखवाजाकडे न पाहता हडळीच्या उजव्या हाताकडे पाहावे. हात केसांतून खाली आला की अंधार. नटी तो इशारा स्वतः देईल, त्यामुळे तोडा कोठेही आला तरी चूक होणार नाही. पखवाजाच्या बाबतीत येथे एक अडचण रोज दिसते. समुद्राकाठच्या दमट हवेत पुडी, म्हणजे तोंडावरचे चामडे, सैल पडते, स्वर उतरतो आणि वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो पुन्हा चढवावा लागतो, तर डाव्या बाजूला लावलेली कणीक मात्र लवकर सुकत नाही. इंग्लंडमधील कोरड्या प्रेक्षागृहात याच्या अगदी उलट होईल, हे तेथील वादकाला आधीच सांगून ठेवावे.

झावळ्यांचे मान्य आहे. पडवीचे छप्पर आता रंगवलेल्या कापडाचे असेल आणि तेच दोन्हीकडे वापरले जाईल. राळेचा विचार सोडला आहे. धुराचा सोडलेला नाही, कारण सूर्यास्तानंतर खारा वारा पडतो आणि मतलई वारा सुटेपर्यंत मध्ये काही काळ हवा स्तब्ध असते. विहिरीचा प्रवेश त्या वेळेत बसला, तर उघड्यावरही धूर जमिनीलगत राहतो. मुंग्यांविषयीची शंका रास्त होती. रक्ताची बाटली आता पाण्याने भरलेल्या परातीत उभी ठेवतो.

प्रयोगांच्या तारखांविषयी. पहिला प्रयोग मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात होईल, तेथे अंधाराची चिंता नाही. उघड्यावरचा प्रयोग मात्र चांदण्यात करता येणार नाही, कारण पूर्ण अंधार हेच आपल्या नाटकातील मुख्य नेपथ्य आहे. अमावास्या घ्यावी, तर त्या रात्री गावची मंडळी भुतांच्या नाटकाला घराबाहेर पडतील की नाही याची शंका आहे, आणि पडली तर परत जाताना आम्हाला शिव्या देतील. म्हणून कृष्ण पक्षातील दशमी ते द्वादशी हा काळ धरला आहे. तेव्हा चंद्रोदय मध्यरात्रीनंतर होतो आणि आपला पडदा दहाच्या आत पडलेला असतो. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेच्या आगेमागे काहीही ठेवलेले नाही. त्या जत्रेची तारीख पंचांगातून मिळत नाही, ती प्रथेनुसार ठरते आणि मग जाहीर होते. आणि एकदा ती जाहीर झाली की कुडाळ-कणकवलीपर्यंतच्या रेल्वेगाड्या व राहण्याच्या जागा भरून जातात. ज्यांना येथे येऊन प्रयोग पाहायचे आहेत, त्यांनी तिकिटे त्याआधी काढावीत.

आता आजीचा प्रश्न. 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' ही भयविनोदी संगीतिका 1982 साली न्यूयॉर्कमध्ये आधी एका लहान नाट्यगृहात झाली, तेथून त्याच वर्षी मोठ्या मुक्कामी गेली आणि 2,209 प्रयोग चालली. तिच्यात नायक-नायिकेला माणसे खाणारे झाड गिळते, आणि रंगभूमीच्या प्रेक्षकांनी ते हसतखेळत स्वीकारले. 1986 च्या चित्रपटासाठी तोच शेवट चित्रित केला, तेव्हा चाचणीच्या खेळांतील प्रेक्षकांना तो सहन झाला नाही आणि शेवट बदलून दोघांना वाचवावे लागले. दिग्दर्शक फ्रँक ऑझ यांनी याचे दिलेले कारण आपल्या उपयोगाचे आहे. रंगभूमीवर मेलेले नट शेवटी प्रेक्षकांना वंदन करायला पुन्हा बाहेर येतात, चित्रपटात ते येत नाहीत. तेव्हा आजी विहिरीत जाईल. परंतु आपल्या नाटकात मेलेली माणसे सातबाऱ्यावर राहतातच, त्यामुळे शेवटच्या पदात ती नव्या खातेदारासारखी हातात कागद घेऊन विहिरीतून वर येईल आणि मुलांकडे पाहूनच पहिली ओळ म्हणेल. हे पाहूनही बालविभागाचे समाधान झाले नाही, तर शेवटाची चर्चा पूर्वप्रयोगांनंतर पुन्हा करू.

एक काम राहिले आहे. माळ्यावर चढून बसणाऱ्या तिसऱ्या भुतासाठी अद्याप नट मिळालेला नाही. भूमिका लहान आहे, गाणे एकाच पट्टीत आहे, मालवणी येत असल्यास उत्तम. इच्छुकांनी कृपया या महिन्याच्या अखेरपर्यंत मला स्वतंत्र पत्र लिहावे. शिडी चढण्याची भीती असणाऱ्यांनी तसे आधीच कळवावे.

आपली,
संयोजिका, नाट्यशाखा