हौशी मीनाकारांच्या संघाचे सदस्यत्व घ्यावे का?

प्रश्न:
तांब्याच्या पातळ पत्र्यावर मीनाकाम, म्हणजे मीन्याची (रंगीत काचेची) भुकटी भट्टीत वितळवून तिचा थर चढवण्याचे काम, करण्याचा मला छंद आहे. मात्र भट्टीतून काढलेल्या तुकड्यावरील मीन्याला निवताना तडे जातात आणि त्याचे कारण एकट्याने शोधणे अवघड जाते. अशा वेळी हौशी मीनाकारांच्या संघात सामील व्हावे, की वर्गणीचे पैसे साहित्यासाठी राखून ठेवावेत?

पहिले उत्तर:
सामील व्हावे, असे माझे मत आहे. तांबे आणि काच निवताना सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत; म्हणून पत्र्याच्या मागील बाजूसही मीन्याचा थर देतात, ज्यामुळे दोन्ही बाजूंचा ताण समतोल राहतो. एवढे वाचून कळते. परंतु तो थर किती जाड असावा आणि साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागल्यावर आणखी किती थांबावे, हे जाणत्या माणसाशेजारी उभे राहूनच उमगते.

दुसरे उत्तर:
सहमत आहे, मात्र वर्गणी भरण्यापूर्वी संघाची सामायिक भट्टी सदस्यांना प्रत्यक्ष वापरायला मिळते का, हे अवश्य विचारावे. काही मीन्यांत शिसे असते, तेव्हा भुकटी चाळताना मुखपट्टी वापरण्याचा नियम तेथे काटेकोरपणे पाळला जातो का, हेही पाहावे. केवळ प्रदर्शने भरवणाऱ्या संघाचा तुमच्या अडचणीला फारसा उपयोग नाही.