बाबांच्या पायाच्या जखमेवर पाच डॉक्टर मिळून स्टडी करणार म्हणतात, सही करू का?

मिरजेची_लेक:
नमस्कार मंडळी. बाबा ६८ चे, शुगर जुनी आहे. डाव्या तळव्याला अंगठ्याखाली घट्टा होता तिथे दिवाळीत जखम झाली, दुखत नाही म्हणून त्यांनी आठवडाभर कुणाला सांगितलंच नाही 😡 जवळच्या दवाखान्यात रोज ड्रेसिंग आणि अँटिबायोटिक बदलून बदलून झालं, भरेना. आता पुण्यात दाखवतोय तर तिथे शुगरवाले, रक्तवाहिन्यांचे सर्जन, हाडांचे, मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम, प्लास्टिक सर्जन असे सगळे एकत्र बघतात, वर एक चपला बनवणारे दादा पण असतात! त्यांचा रिसर्च चालू आहे, बाबांना घेऊ का विचारतायत. फॉर्म दिलाय भलामोठा. काका म्हणतात सही करू नको. एका पायाला एवढे डॉक्टर लागतात का खरंच?

तात्या_कोल्हापूर:
काका बरोबर बोलतायत. रिसर्च म्हणजे प्रयोगातला उंदीर. तुम्ही ट्रीटमेंट घ्या आणि घरी या.

ड्रेसिंगरूम:
तात्या, असं सरसकट नका हो बोलू. मी सर्जरीचा रेसिडेंट आहे, अशा पायांची जखम साफ करण्यातच माझी निम्मी ड्यूटी जाते.

ताई, एवढे डॉक्टर लागतात, कारण बाबांच्या पायात एकाच वेळी तीनचार भानगडी असू शकतात. नसा बधिर म्हणून टोचलेलं कळत नाही, रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही, इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं असेल तर वरून कितीही ड्रेसिंग करा काही उपयोग नाही, आणि हे सगळं नीट केलं तरी पेशंट त्याच जागेवर वजन टाकून चालत राहिला तर पुन्हा तेच. प्रत्येकाला आपापलाच तुकडा दिसतो. डॉप्लर, म्हणजे पायातला रक्तपुरवठा बघायची तपासणी, न करता बोट काढलेले पेशंट आमच्याकडे येतात, कापलेली जागाही भरत नाही, मग घोट्याच्या वर जावं लागतं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉ. एडमंड्स यांनी १९८१ साली सगळ्यांना एका क्लिनिकमध्ये बसवलं आणि १९८६ च्या त्यांच्या पेपरात मोठ्या अँप्युटेशन, म्हणजे घोट्याच्या वर पाय कापायच्या वेळा, जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. मुख्य बदल म्हणजे माणसं एकत्र आली. आपल्याकडे नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. अब्बास यांनी स्टेप बाय स्टेप म्हणून प्रोग्रॅम केला, त्यात डॉक्टर आणि नर्स अशा जोडीलाच ट्रेनिंग, कारण पाय रोज बघते ती नर्स.

आणि रिसर्च इथेच का, तर बाहेरचे आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. तिकडे जखमेत ग्राम पॉझिटिव्ह गटातले जंतू जास्त, आपल्याकडे स्यूडोमोनास वगैरे ग्राम निगेटिव्ह या दुसऱ्या गटातले भरपूर, त्यात आपण अनवाणी चालणार, मे महिन्यात देवळाची फरशी तापलेली, बधिर पायाला भाजलेलं कळतच नाही. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम म्हणून हव्यात. त्यांनी काडीने वरवर पुसून स्वॉब न घेता आतल्या मांसाचा तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, घेतला असेल तर समजा टीम चांगली आहे.

अर्धा_अंगठा:
मी स्वतः पेशंट. चपलावाल्या दादांना हसू नका 😄 माझी जखम भरली ती मुख्यतः प्लास्टरमुळे. तळव्याला चिकटून गुडघ्याखालपर्यंत घालतात, वजन सगळीकडे वाटलं जातं. ही पद्धत मुळात भारत आणि श्रीलंकेत कुष्ठरोग्यांसाठी वापरायचे, वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ती अमेरिकेत नेली आणि आता तिकडून गाइडलाइन बनून आपल्याकडे परत आलीय! भरल्यावर एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल घरात सुद्धा घालायची, कारण एका वर्षात साधारण ४० टक्के लोकांना जखम परत होते. माझी झालीच.

ड्रेसिंगरूम:
+१. फक्त रक्तपुरवठा फार कमी किंवा इन्फेक्शन जास्त असेल तर तसं प्लास्टर घालत नाहीत, आधी डॉप्लर.

कागदपत्री:
मी ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, सहीबद्दल सांगते. फॉर्म मराठीत मागा, घरी आणून वाचा, सही केली तर एक कॉपी तुमच्याकडे. नुसतं निरीक्षण आहे की चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करणार, ते सरळ विचारा, असे गट करणारी ट्रायल असेल तर सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदणी) नंबर मागा, वेबसाइटवर कुणालाही बघता येतो. एथिक्स कमिटीचा (पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती) फोन नंबर फॉर्ममध्येच असतो. बाबा कधीही बाहेर पडू शकतात, त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. आणि स्टडीसाठी जादा लागणाऱ्या टेस्टचे पैसे कोण देणार हे लेखी बघा, इथेच लोक फसतात. सही बाबांची हवी हं, तुमची नाही.

मिरजेची_लेक:
सगळ्यांचे आभार, आज विचारून आले. दोन गट आहेत, जखमेवरचं वजन कमी करणारा बूट एका गटाला काढता येणारा आणि दुसऱ्याला न काढता येणारा, बाकी ट्रीटमेंट दोघांना सारखीच. डॉप्लर झालाय, ठीक आहे. नंबरही दिला.

ड्रेसिंगरूम:
चांगला प्रश्न घेतलाय त्यांनी. २००३ मध्ये अमेरिकेत मोजलं होतं, काढता येणारा बूट दिलेल्या लोकांनी तो दिवसातल्या जेमतेम २८ टक्के पावलांनाच घातला होता. आपले लोक घरात शिरताना काढणारच, मग इथे किती होईल विचार करा.

मिरजेची_लेक:
बाबा सही करायला तयार आहेत, फक्त म्हणतात न काढता येणारा आला तर श्रावणात देवळात कसं जायचं 🙄

अर्धा_अंगठा:
बाहेरून धुतलेली कापडी पिशवी बांधायची. आमच्या गुरवांनी काही म्हटलं नाही, उलट बसायला खुर्ची दिली.

तात्या_कोल्हापूर:
सीटीआरआयची लिंक टाका कुणीतरी, आमच्या मेव्हण्यांचं पण असंच चालू आहे.