लव्हाळा, ग्लायफोसेट आणि भाताचं खाचर

एकांनी विचारलंय की शहापूरच्या भातशेतीत लव्हाळा हे तण माजलंय, ग्लायफोसेट हे तणनाशक मारू का. उभ्या भातात अजिबात नको! ते निवडक तणनाशक नाही. हिरवं दिसेल ते मारतं, भातासकट. पानांतून शिरून मुळापर्यंत जातं आणि वनस्पतीला आवश्यक अमिनो आम्लं बनवणारं एक एन्झाइम बंद पाडतं. म्हणून परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो, आणि लोक धीर सोडून दुसऱ्यांदा मारतात.

लव्हाळ्याचं दुखणं वेगळंच. हिरव्या रोपाला जोडलेल्या, जमिनीखालच्या गाठी मरतात, पण मातीत सुप्त पडलेल्या गाठी पुन्हा फुटतात. एका फवारणीत शेत साफ होईल या भ्रमात राहू नका.

आणखी एक, ओढ्याचं गढूळ पाणी पंपात घेऊ नका. मातीच्या कणांना हे औषध घट्ट चिकटतं, मग पानावर काय उरणार? मुरबाडला आमच्या बांधावर मी हेच केलं होतं. हराळी तशीच हिरवीगार, मी ठाण्याला परत.

भातातल्या रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी हे तणनाशक असतं, पण ते मारलेला पंप वांगी-टोमॅटोला वापरू नका. धुतला तरी अंश राहतो, पानं वाकडी होतात.

कायद्याचंही बघा. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला होता. दुकानदार हे सांगत नाही, तालुका कृषी कार्यालयात विचारा.