मदत हवी आहे: गॉथिक 'फेहु' म्हणजे गुरं की पैसा? (व्युत्पत्ती आणि रूपं)

नमस्कार मंडळी,

सध्या घरच्या घरी गॉथिक (जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातली, गॉथ लोकांची आता लुप्त झालेली भाषा) शिकतोय. शाळेत संस्कृत होतं, 'भानु' आणि 'मधु' चालवून झालेले आहेत, त्यामुळे विभक्त्यांचं ओझं वाटत नाही. पण एका शब्दापाशी अडलोय आणि तो नीट समजल्याशिवाय पुढे जाववत नाही. शब्द आहे 'फेहु'. लिहिताना फ-अ-इ-ह-उ अशी अक्षरं येतात, पण 'ह'च्या आधी हा 'अइ' आखूड 'ए'सारखा उच्चारतात.

नातं उघड आहे. संस्कृत पशु, लॅटिन पेकु, जर्मन फी, जुन्या नॉर्समधलं (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) फे, सगळी एकाच घरातली भावंडं. मूळच्या 'प'चा जर्मानिक भाषांत 'फ' होतो (पाद, गॉथिक फोटुस) आणि आपल्याकडे जिथे 'श' आला तिथे त्यांच्याकडे 'ह' येतो (दश, गॉथिक तेहुन). इथवर काही अडचण नाही.

अडचण अर्थाची आहे. चौथ्या शतकात गॉथांचा बिशप वुल्फिला याने बायबल गॉथिकमध्ये आणलं. त्याची जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली पोथी आज स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे. त्यातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो, कारण 'वस औक हबन्द्स फेहु मनग', म्हणजे त्याच्यापाशी पुष्कळ फेहु होतं. ग्रीकमध्ये इथे मालमत्तेचा शब्द आहे. पुढच्याच ओवीत ग्रीक शब्द बदलतो, धनसंपत्तीचा येतो, तरी गॉथिकमध्ये फेहुच. चौदाव्या अध्यायात येशूला पकडून देण्याबद्दल यहूदाला पैसे द्यायचं कबूल करतात तिथे ग्रीकमध्ये 'चांदी' आहे, गॉथिकमध्ये पुन्हा फेहु. तीन वेगळे ग्रीक शब्द, गॉथिक एकच, आणि तिन्हीकडे गुराढोरांचा मागमूस नाही. डुकरांचा कळप येतो तिथे वेगळाच शब्द वापरलाय, 'हेर्दा'. जोडशब्दही तसेच: 'फेहुफ्रिक्स' म्हणजे धनलोभी, 'फेहुस्कुला' म्हणजे ऋणको.

मग मूळ अर्थ कोणता धरायचा? गुरं हीच संपत्ती होती म्हणून गुरांचा शब्द पैशाला लागला, असंच मी आजवर वाचत आलो. पण फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ बेनव्हेनिस्त यांनी 1969 साली नेमकं उलट मांडलं: मूळ अर्थ जंगम मालमत्ता, आणि गुरं हा त्यातला नंतर अरुंद झालेला अर्थ. फेहु हा त्यांचा एक महत्त्वाचा पुरावा. तुम्हाला काय पटतं?

दुसरा प्रश्न लिंगाचा. वरच्या वाक्यात 'मनग' आहे, 'मनगन' नाही, म्हणजे फेहु नपुंसकलिंगी हे नक्की. मग बहुवचन कसं करायचं? पुस्तकांत फेहु, षष्ठी फेहौस, चतुर्थी फेहौ एवढंच मिळतं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय. जर्मानिक व्यंजनबदलांबद्दलच्या व्हर्नरच्या नियमाप्रमाणे मूळ स्वराघात आधीच्या अक्षरावर असेल तरच 'ह' टिकतो, नाहीतर 'ग' होतो. पशुः तर अंतोदात्त आहे, म्हणजे आघात (उदात्त) शेवटच्या अक्षरावर. मग 'फिगु' व्हायला हवं होतं, 'फेहु' कसं?

जाणकारांनी कृपया लिहावं. त्रोटक उत्तरही चालेल.

प्रतिसाद १

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे. तुम्ही पुल्लिंगी पशुः घेतलात. ऋग्वेदात नपुंसकलिंगी 'पशु' सुद्धा आहे (3.53.23, 'लोधं नयन्ति पशु मन्यमानाः') आणि तो आद्युदात्त आहे, म्हणजे आघात पहिल्या अक्षरावर. फेहु नपुंसक, पेकु नपुंसक, तेव्हा तुलना याच रूपाशी करायची. 'ह' बरोबर जागेवर बसतो. 'ग' कधी येतो हे पाहायचं तर तेहुन (दहा) आणि 'त्वै तिग्युस' (वीस, शब्दशः दोन दशकं) शेजारी ठेवा. धातू एकच, एकीकडे ह, दुसरीकडे ग.

बहुवचनाच्या मागे लागू नका. गॉथिकमध्ये उकारान्त नपुंसक नामं मुळात मोजकीच आणि त्यांचं बहुवचनाचं एकही रूप पोथ्यांत उरलेलं नाही. एकवचन मात्र सोपं आहे: प्रथमा-द्वितीया सोडली की पुल्लिंगी 'सुनुस'सारखं चालवा. सुनुस, सुनौस म्हणजे आपलं सूनुः, सूनोः. संस्कृतात नपुंसकाला मध्ये 'न' घुसतो (मधुनः), गॉथिकमध्ये नाही.

प्रतिसाद २

अर्थाबद्दल मी बेनव्हेनिस्त यांच्या बाजूने. अथर्ववेदात (11.2.9) रुद्राच्या पाच पशूंत गाय, घोडा, शेळी, मेंढी यांच्या जोडीला 'पुरुषाः' आहेत. माणूस पशूंत मोजला जातो तो जनावर म्हणून नव्हे, ताब्यातलं चालतंबोलतं धन म्हणून. आपल्याकडे पशुधन हा शब्द सरकारी कागदावर रोज येतो, तोही याच वळणाचा. मात्र एकट्या फेहुवर फार भार टाकू नये. जे गॉथिक उरलंय ते बहुतेक सगळं ग्रीकवरून केलेलं भाषांतर, आणि वुल्फिलाचे लोक रोमन सीमेला लागून, नाण्यांच्या बाजारात वावरणारे. गॉथ गुराखी आपल्या कळपाला काय म्हणत होता ते त्या पोथीत येण्याचं कारणच नव्हतं.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ऋग्वेदातली ओळ लगेच काढून पाहिली, 'प'वरच उदात्त आहे! लिंग बदलताच आघात बदलतो हे डोक्यातच आलं नव्हतं.

प्रतिसाद २ साठी एक पुढचा प्रश्न. नॉर्स 'फे' मध्ये गुरं आणि पैसा दोन्ही अर्थ नांदतात, जर्मन 'फी' मध्ये फक्त गुरं. मूळ अर्थ जंगम मालमत्ता धरला, तर तो जर्मनमध्ये गुरांवर येऊन थांबला आणि पेकु, पशु यांतही तसाच स्वतंत्रपणे अरुंद झाला, असं मानावं लागेल ना? इतक्या ठिकाणी एकाच दिशेने? ज्यांचा नॉर्सचा अभ्यास आहे त्यांनी 'फे'च्या जुन्यात जुन्या वापरांत कोणता अर्थ दिसतो ते उदाहरणासह दिलं तर फार मदत होईल.