मुलांकडे फोन नाही, वर्गात वाय-फाय नाही: फुकटात काय जमेल?

ऐरोली_नववी:
मराठी माध्यम, नववी, पट ५८. वर्गात प्रोजेक्टर आणि शाळेचा एक लॅपटॉप आहे. वाय-फाय ऑफिसच्या पुढे पोचत नाही. मुलांना फोन आणायची परवानगी नाही आणि घरी फोन एकच, तोही आईवडील कामावरून आल्यावर हातात येतो. 'धाराविद्युत' शिकवताना प्रयोग पडद्यावर दाखवायचा आहे आणि तास संपायच्या आत कोणाला कळलं नाही ते समजायला हवं. गुगल फॉर्मवर चाचणी देऊन बघितली. निम्म्यांना ती उघडलीच नाही, आणि काही बरोबर उत्तरांनाही शून्य पडलं. पैसे भरायचं ॲप नको.

कळवा_विज्ञान:
प्रयोगासाठी फेट (PhET) बघा, पडद्यावर करायचे आभासी प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प, २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केलेला. 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट: डीसी' शोधा, भाषांतरांच्या यादीतून फाइल उतरवा. प्रत्येक भाषेची फाइल वेगळी असते. मराठी नसेल तिथे इंग्रजी घ्या, लेबलं मोजकीच असतात. ऑफिसच्या वाय-फायवर उतरवून पेनड्राइव्हने लॅपटॉपवर टाका आणि क्रोममध्ये उघडा. मग नेट लागत नाही.

९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा रोध: ॲमीटर ०.९० अँपिअर दाखवतो. तेवढाच दुसरा रोध एकसर (एकामागे एक) जोडा, ०.४५. तेच दोन समांतर जोडले की बॅटरीजवळ १.८०. स्विच दाबायच्या आधी प्रत्येकाने आपला आकडा वहीत लिहायचा, नाहीतर सगळे नुसता सिनेमा बघतात. समांतरला निम्मा वर्ग ०.४५च लिहितो, तिथे थांबा, खरं शिकवणं तिथेच आहे. शेवटी बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडा. पडद्यावर आग लागते, लघुपरिपथन (शॉर्ट सर्किट) वेगळं समजवावं लागत नाही.

वागळे_गणित:
कोणाला कळलं नाही यासाठी प्लिकर्स हे ॲप. मुलं उत्तराचं कार्ड वर धरतात, फोनचा कॅमेरा ते वाचतो. फोन फक्त शिक्षकाचा, मुलांच्या हातात कागद. साधा संच ४० कार्डांचा असतो, तुम्हाला पुरणार नाही. ६३ कार्डांचा उतरवा, तोही फुकट. जाड कागदावर काळ्या शाईत छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटची तिरीप पडली की कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही.

ॲपमध्ये नावं हजेरीच्या क्रमाने भरा, म्हणजे कार्ड क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच राहतो. प्रश्न फळ्यावर लिहिला तरी चालतो. कार्डाच्या चार बाजूंना A, B, C, D असतं. ज्या पर्यायाचं अक्षर वरच्या बाजूला, ते मुलाचं उत्तर. अक्षरं मुद्दाम बारीक असतात आणि प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. फोन आडवा धरून सावकाश फिरवा. एखादं नाव येतच नसेल तर बहुधा बोट काळ्या भागावर असतं. कार्ड पांढऱ्या कडेला धरायला शिकवा. फोनला मात्र स्वतःचा डेटा हवा.

घणसोली_आयसीटी:
फॉर्म न उघडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: 'एकच प्रतिसाद' ही सेटिंग. ती सुरू असली की गुगल खात्याने साइन-इन करावं लागतं, आणि घरच्या फोनवर खातं वडिलांचं. एकाच फोनवर दोन भावंडं असतील तर दुसऱ्याची वाट बंद. ती बंद करा, ईमेल गोळा करणंही बंद करा, फाइल अपलोडचा प्रश्न काढा. ओळखीसाठी हजेरी क्रमांकाचा ड्रॉपडाउन ठेवा. नाव टाइप करायला लावलंत तर एकाच मुलाची चार स्पेलिंगं येतील. गुण नंतर जाहीर करण्याचा पर्यायही घेऊ नका, तो ईमेल मागतो.

शून्य पडतं कारण लघुउत्तर अक्षरशः जुळावं लागतं. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे फॉर्मला वेगळे. 'ॲमीटर'मधला ॲ एका कळीने येतो किंवा अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखा, आत दोन वेगळे कोड. उत्तरसूचीत सगळी रूपं भरा, नाहीतर सरळ बहुपर्यायी ठेवा. पर्यायांची अदलाबदल सुरू असेल तर 'वरीलपैकी सर्व' लिहू नका, ते पहिल्या नंबरवरही जाऊन बसतं.

ऐरोली_नववी:
साइन-इनचीच सेटिंग सुरू होती. कार्डांचा एकच संच दोन्ही तुकड्यांना चालेल का?

वागळे_गणित:
चालेल. ॲपमध्ये दोन वर्ग वेगळे करा आणि स्कॅन करण्याआधी योग्य वर्ग निवडलाय ना ते बघा, नाहीतर अ तुकडीची उत्तरं ब च्या नावावर जातात. तास संपला की कार्डं क्रमाने लावूनच परत घ्या.